नमुन्याची विहीर

वेबसाइटच्या पहिल्या पानावर काय असावं, यावर आम्ही तिघांनी चार रविवार वाद घातला. क्रांती चौकातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली होती. पंखा होता, वीज असेलच असं नाही. विहिरींच्या पाण्याची रोजची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही नोकऱ्या सांभाळून लिहिलं होतं. कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, सुधारावं. आता त्याला वेबसाइट हवी होती, आणि लोकांना दाखवायला नमुना म्हणून एक विहीर.

दोघं म्हणत होते, आकडे बनवून टाकू. मला तत्त्वांचा भारी पुळका. खोट्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार, असं तावातावाने म्हणत मी देवगाव रंगारीच्या मामांची वही टेबलावर आणून ठेवली. मामा रोज सकाळी गाठी मारलेला दोर विहिरीत सोडायचे आणि किती परस पाणी आहे ते लिहायचे. परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाइतकी खोली. गेल्या महिन्यापर्यंतच्या नोंदी होत्या. वही त्यांनी भाचीच्या कौतुकापोटी दिली होती. आराखड्यात आम्ही सगळ्यांच्या परवानग्या मांडल्या होत्या, चित्रांच्या, फॉण्टच्यासुद्धा. मामांना विचारायचं मात्र माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. मुकुंदवाडीत माझ्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि समोर नव्या इमारती उठतच होत्या. मामांच्या गावाला टँकर. मामी चारचौघींसारखी टँकरपुढे घागर घेऊन उभी राहायची, आणि विहिरीतलं तीन परस पाणी मामा मोसंबीच्या झाडांना पुरवून पुरवून द्यायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, तळ लागलाय. हे मला फार उशिरा कळलं.

वेबसाइट सुरू झाली तशी मी मिरवत सगळ्या नातेवाइकांना पाठवली. फिरत फिरत ती गावात पोचली. ग्रामसभेत कुणीतरी मोबाइलवरून मामांची विहीर, आम्ही नावागावासकट टाकलेली, तारीखवार वाचून दाखवली. आठवड्याभरात सरकारी माणसं कागद घेऊन आली आणि विहीर गावाला प्यायला म्हणून ताब्यात गेली. गावाचं चुकलं, असं मला आजही म्हणता येत नाही. पण मामा सभेत मान खाली घालून बसले होते, हे मामीने सांगितलं तेव्हा मला माझीच किळस आली.

उन्हाळ्यात झाडं वाळली. मी वेबसाइटवरून विहीर काढून टाकली. पण बूंद से गयी वो हौद से नहीं आती. ते आकडे सॉफ्टवेअरसोबतच जात होते, आणि सॉफ्टवेअर तोवर कुठल्या कुठं पोचलं होतं. कुणीही नव्याने चालू केलं की आधी मामांचीच विहीर दिसते.

पुढच्या वर्षी धीर करून गेले. विहीर कोरडी पडली होती. मामा त्याच गाठींच्या दोराने मोसंबीच्या लाकडांची मोळी बांधत होते. मी माफी मागितली, आणि आकडे आता परत घेता येत नाहीत, हेही सांगितलं. मामांनी मोळीला दोराचा आणखी एक वेढा दिला.

"तुझ्या त्या कम्प्युटरात अजून किती दिसतंय?"

"तीन परस."

त्यांनी गाठ आवळली. "मग ऱ्हाऊ दे. कुठं तरी ऱ्हाऊ दे."