घागऱ्याखालचं आभाळ

आमच्या शाळेत सूतकताईची एक खोली होती. मी नववीत गेले तोवर सूतकताईचा जोर ओसरला होता. चरखे भिंतीला टेकून धूळ खात पडले होते. खोली मोठी, आढं उंच आणि खिडक्या फक्त दोन. खिडक्यांचं मुद्दाम सांगते, कारण आम्हांला अंधार हवा होता, आणि खिडक्या जितक्या कमी तितकी घोंगडी कमी लागतात.

अंधार हवा होता तारांगणासाठी. विज्ञानाचे गुरुजी उन्हाळ्यात पुण्याला जाऊन आले. तिथल्या एका शाळेत त्यांनी छतावर तारे पाडणारं यंत्र पाहिलं होतं. परतल्यावर त्यांनी फळ्यावर त्याची आकृती काढली आणि म्हणाले, "यंत्र आपल्या ऐपतीबाहेरचं आहे, पण तत्त्व सोपं आहे." गुरुजींचं असंच असायचं. ते तत्त्व सांगून मोकळे व्हायचे, बाकीचं आम्ही बघायचं.

आम्ही म्हणजे तिघं. वर्गातला एक उंच मुलगा हाताने हुशार होता. त्याने डालड्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली, आत टॉर्चचा दिवा बसवला आणि डबा चरख्याच्या आसावर तिरका चढवला. आस फिरवला की आभाळ फिरायचं. दुसरी माझी बंजारा तांड्यावरची मैत्रीण. ती घरी गोरबोली बोलायची, बाजारात वऱ्हाडी आणि वर्गात पुस्तकी मराठी, आणि तिन्हींत तिचा आवाज खणखणीत. ती ताऱ्यांची माहिती सांगणार होती. तिसरी मी. माझ्याकडे उरलेलं सगळं: घोंगडी, सेल, पिण्याच्या पाण्याचा माठ, कोणी कुठे बसायचं आणि चपला कुठे काढायच्या.

पहिला डबा फुकट गेला. ताऱ्यांचा नकाशा बाहेरून चिकटवून भोकं पाडल्यामुळे सगळं आकाश उलटं पडलं, आरशात पाहिल्यासारखं. मग नकाशा खिडकीच्या काचेवर पालथा धरून गिरवला आणि दुसरा डबा केला. घाईत त्याची भोकं मोठी पडली. एकेक तारा ज्वारीच्या दाण्याएवढा दिसायचा. गुरुजी म्हणाले, "अरे, या चांदण्या आहेत की बत्तासे?" पण तिसरा डबा मिळेना, म्हणून तोच ठेवला.

खरा प्रश्न घुमटाचा होता. सपाट छतावर तारे वेडेवाकडे पडतात. बांबूचा सांगाडा करून पाहिला, तो रात्रीतून वाकला. तेव्हा मैत्रीण म्हणाली, "माह्या याडीले दाखवू." याडी म्हणजे आई. याडी बाजाराच्या दिवशी आली, खोलीच्या मधोमध उभी राहून वर पाहिलं, हाताने हवेत एक गोल काढला आणि म्हणाली, "हे त घागऱ्याचंच काम हाय."

खरंच होतं ते. घागऱ्याला कळ्या असतात, वर निमुळत्या आणि खाली रुंद होत जाणाऱ्या पट्ट्या. त्या शेजारी शेजारी जोडल्या की कापड आपोआप गोल फुगतं. याडीने कोऱ्या मांजरपाटाच्या लांबच लांब कळ्या कापल्या, जोडल्या, खालच्या काठात बांबूचं रिंगण घातलं आणि तो अवाढव्य पांढरा घागरा आम्ही आढ्याला टांगला. आत जायला वाकावं लागे. आत बसून वर पाहिलं की भिंती नाहीत, कोपरे नाहीत, नुसतं आभाळ.

आता अडचण सांगते. शाळा समितीचे अध्यक्ष गावचे पाटील होते. वेचणीआधीची शितादहीची पूजा होऊन कापसाचा वेचा सुरू झाला की त्यांना कापूस साठवायला जागा लागायची, आणि त्या वर्षी त्यांनी ही खोली मागितली होती. हेडमास्तर आम्हांला म्हणाले, "पाटलांनी एकदा तुमचा कार्यक्रम बघावा. त्यांना पटलं तर खोली तुमची. नाही पटलं तर घुमट उतरवा आणि मला पुन्हा विचारू नका." घुमट मावेल अशी दुसरी खोली शाळेत नव्हती. म्हणजे पाटील नाही म्हणाले की तारांगण संपलं.

आमचं गाव महागावच्या पुढे, रविवारच्या बाजाराचं. आम्ही रविवारी दुपारचीच वेळ ठरवली, कारण माणसं तेव्हा आयती आलेली असतात. कोतवालाला दवंडीचा मजकूर लिहून दिला होता, पण त्याने तो वाचलाच नाही. डफडं वाजवून तो ओरडला, "ऐका हो ऐका! शाळेत पोट्टे आज दिवसा तारे दाखवून राह्यले हो!"

बाजारात हशा पिकला. एक जण म्हणाला, "मले त गुरुजीनं चवथीतच दाखवले, पाठीवर वळ हायेत अजून."

दुसरा म्हणाला, "रातच्याले फुकट दिसते ते पाहाले दुपारी कायले जाव बे?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. "रात्री ढग असतात, काका. आमच्याकडे नाहीत. आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचं आभाळ तुम्ही चहा गार व्हायच्या आत पाहून मोकळे."

पाटील समितीच्या दोन सभासदांना घेऊन आले. मी चपला ओळीने लावून घेतल्या. दारातूनच घुमट पाहून पाटील खूश झाले. "वा! काय मांडव हाय! कोनं शिवला?"

मैत्रिणीला आईचा फार अभिमान. ती चटकन बोलून गेली, "माह्या याडीनं, काका. घागराच हाय तो. नुसता मोठा."

मग एक सभासद फिसकन हसला. "घ्या पाटील! आता बाईच्या घागऱ्याखाली बसाचं म्हनते पोट्टी."

पाटलांचा चेहरा उतरला. एक पाय घुमटाच्या आत होता, तो त्यांनी बाहेर घेतला. मी घाईने म्हटलं, "कापड कोरं आहे, काका. कोणी नेसलेलं नाही."

"असन कोरं," ते म्हणाले. "मले काट्यावर जाचं हाय. पुढल्या हप्त्यात खोली मोकळी करा." आणि ते कापूस मोजायच्या काट्याकडे निघून गेले. त्यांच्या चपला ओळीत पहिल्या होत्या, त्यामुळे तेवढं तरी पटकन झालं.

गोष्ट बाजारभर झाली. पुरुषमंडळींना आठवडाभर पुरली. "कुठं चालला, घागऱ्यात का?" असं कोणी विचारलं की शाळेकडे वळलेला माणूस परत वळायचा. मैत्रिणीने वर्गात बोलणं सोडलं. मला म्हणाली, "मी नाही सांगत आता तारे. याडीची मस्करी झाली." याडीनेही निरोप धाडला की घुमट उसवून द्या, कापडाच्या पिशव्या शिवीन.

उसवायला मी तयार नव्हते. मी सरळ हिशेब केला: घागऱ्याखाली बसायला लाजतात कोण? पुरुष. मग गावात उरतं कोण? पुढच्या रविवारी, खोली अजून आमच्याकडेच होती तोवर, मी कोतवालाच्या शेजारी उभी राहिले आणि त्याच्याकडून शब्दाला शब्द म्हणवून घेतलं: "आजचा खेळ फक्त बायांसाठी!"

मला वाटलं होतं पाचदहा जणी येतील. आल्या त्या अशा की माठ दोनदा भरावा लागला. वांग्याच्या टोपल्या घेऊन आल्या, कडेवरची पोरं घेऊन आल्या. तांड्यावरच्या बाया बांगड्या वाजवत आल्या, त्यांच्यात याडी, पार मागे. कित्येक जणी शाळेच्या उंबऱ्याच्या आत प्रथमच येत होत्या. आणि सुनेचा हात धरून पाटलांच्या आई आल्या. त्यांना सगळं गाव मोठी आई म्हणायचं. मी त्यांना पुढच्या पोत्यावर बसवलं. मैत्रिणीने गर्दी पाहिली, मागे आईला पाहिलं आणि तारे दाखवायची काठी उचलली.

घोंगडी सोडली, दिवा लागला, तारे पडले. "अगो माय!" असा एकच आवाज उठला.

मैत्रीण पुस्तकी मराठीत सुरू झाली. "उत्तर दिशेला पाहा. हे सात तारे म्हणजे सप्तर्षी."

अंधारातून कोणीतरी म्हणालं, "ऋषी कुठले वो? बाज हाय ते."

"बाजच हाय," दुसरी म्हणाली. "बुढीची. चार पाय, न् मांगं तीन चोर, बाज चोराले आलेले."

मैत्रिणीने पुस्तकी मराठी बाजूला ठेवली. "हो मावशी, बाजच. चोर रातभर फिरते न् बाज काही हाती लागत नाही. पाहा आता." उंच मुलाने आस फिरवला. बाज हळूहळू कलली, चोर तिच्यामागे फिरले. बाया हसायला लागल्या. "पकड बे! पकड!" एक जण म्हणाली, "माह्या घरच्यावानीच हायेत, मांगं मांगं फिरते न् कामाचं काही नाही."

या सगळ्या गलक्यात मोठी आई गप्प होत्या. मला वाटलं त्यांना गुदमरतंय. मी पाणी घेऊन जवळ गेले तर त्या वर पाहत होत्या आणि बोटाने हवेत मोजत होत्या.

"आजी, दिसतं ना?"

"दिसते वो," त्या म्हणाल्या. "डोयात मोती पडला तवापासून मले चांदनी म्हून दिसलीच नाही. आंगनात बसतो त नुसतं काळं. ह्या दिसून राह्यल्या. येवढाल्या हायेत ना!"

बत्ताशाएवढ्या. गुरुजी दाराशी उभे होते, त्यांनीही ते ऐकलं.

मोठ्या आईंनी सुनेला हाक मारली. "जाय, त्याले बलाव."

"कोनाले?"

"तुह्या नवऱ्याले. काट्यावरून ऊठ म्हनाव, मायनं बलावलं."

पाटील आले ते धावतच, आईला काही झालं या भीतीने. घुमटाच्या बाहेर थांबून हाक मारली, "माय! काय झालं? बाहेर ये."

"तू आत ये."

"मी नाही येत तिथं. तू ये बाहेर."

"काहून नाही येत?"

बाहेरून नुसतं खाकरणं आलं. आत चरख्याचा आस कुरकुरला. मग मोठी आई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज काही लहान नव्हता, "अबे, सारं गाव घागऱ्याखालूनच जगात आलं. तूच तेवढा वरून पडला काय?"

आत जो हशा झाला तसा मी नंतर कुठल्याही नाटकाला ऐकला नाही. तांड्यावरच्या बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. हशा ओसरायच्या आतच काठ उचलला गेला आणि पाटील वाकून आत शिरले. दुसरीकडे कुठे जागा नव्हती, म्हणून आईच्या पायाशी बसले. अंधारात त्यांना काही दिसेना. ते भलतीकडेच पाहत होते. तेव्हा मोठ्या आईंनी त्यांची हनुवटी धरली आणि शाळकरी पोराचं वळवावं तसं त्यांचं तोंड उत्तरेकडे वळवलं.

"ते पाह्य. बाज. लहानपनी तुले दाखवत होतो."

पाटलांनी हळूच विचारलं, "तिसरा चोर कुठं हाय?"

मैत्रिणीने काठीने दाखवला. "हा काय, काका."

घोंगडी वर केल्यावर पाटील डोळे चोळत बाहेर पडले आणि हेडमास्तरांना एवढंच म्हणाले, "कापूस माह्या ओसरीत भरतो. बुढीले इथं यायचं असते रविवारी."

त्या हंगामात पाटलांच्या ओसरीत कापूस आढ्याला टेकला. घरात पाय ठेवायला जागा नाही म्हणून मोठी आई दर रविवारी बाजार उठेपर्यंत आमच्याकडेच बसायच्या. पुरुष आपण होऊन विचारायला आले, "आमचा नंबर कधी?" मी त्यांना एकाआड एक रविवार दिला. वाकताना कुरकुरायचे, पण वाकायचे.

याडीने पिशव्या शिवल्या नाहीत. एका रविवारी ती हातात लांबलचक लाल पट्टी घेऊन आली, वर गोल आरसे टाचलेले. म्हणाली, इतके दिवस काठ कोरा ठेवला होता, लोकांना घागरा वाटू नये म्हणून. आता साऱ्यांना ठाऊकच झालंय तर नीट घागराच होऊ दे. तिने ती पट्टी सगळ्या काठाला टाचली. दिवा लावला तेव्हा आरशांवर उजेड पडला आणि घुमटात ठिकठिकाणी नवेच तारे फुटले.

गुरुजी नकाशा घेऊन आत आले, वर पाहिलं, नकाशात पाहिलं. "हे कुठले तारे? हे आपल्या डब्यात नाहीत."

मैत्रिणीने काठी त्यांच्याकडे वळवली. "नाहीत, गुरुजी. हे आमच्या तांड्याचे."

गुरुजींनी नकाशाची घडी घालून खिशात ठेवली आणि मला विचारलं, "बसायला जागा आहे का कुठे?"