भाग जाऊन उरलेल्या

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी चौथीत होते. त्या जिल्ह्याच्या कचेऱ्या बांधायच्या कामावर वडील लातूरला गेले होते आणि बरेच दिवस त्यांचा निरोप नव्हता. जळकोटकडच्या आमच्या गावात आई आणि मी दोघीच राहिलो. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता.

गावाबाहेर दुष्काळी काम निघालं, रस्त्यासाठी खडी फोडायचं. दहा जणांची एक टोळी. मुकादम सकाळी रांग लावायचा, दहा-दहा माणसं मोजून कामाला लावायचा आणि शेवटी दहा भरले नाहीत की उरलेल्यांना म्हणायचा, "जावा घरी. उद्या या."

उद्याही तेच व्हायचं. गावात पाणी असलेली विहीर एकच उरली होती आणि तिथे आमच्या बौद्धवस्तीतल्या बायांनी सगळ्यांचं भरून होईपर्यंत लांब थांबायचं. त्यामुळे आई रांगेत पोचायची ती शेवटी.

त्याच दिवसांत गुरुजींनी बाकी उरणारा भागाकार शिकवला. फळ्यावर सत्तेचाळीस भागिले दहा.

"भाग चार, बाकी सात," ते म्हणाले. "बाकी भाजकापेक्षा लहानच असती. दहा उरले असते तर अजून एक भाग गेला नसता का?"

मला ते एकदम कळलं. रोजची रांगच फळ्यावर दिसली. मी उभी राहिले.

"गुरुजी, मग त्या सातांचं काय करायचं?"

"काय करायचं? खाली लिहायचं, अन् पुढचं गणित घ्यायचं."

शाळा त्या रस्त्यालाच होती, म्हणून मी सकाळी आईबरोबर निघायची. दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या सात बाया उरल्या. पलीकडच्या वाडीची रांग वेगळी लागायची, तिथे पाच जणी उरल्या होत्या. मी दप्तर आईकडे दिलं आणि मुकादमापुढे जाऊन उभी राहिले.

"मामा, ह्या सात अन् त्या पाच मिळवा की. बारा होतेत. एक टोळी होती."

तो माझ्याकडे बघून हसला. "लई हुशार हाय की गं पोरगी." त्यानं वाडीच्या बायांना हाक मारली. त्या धावतच आल्या. मुकादम मोजायला लागला. मोजणी वाडीच्या बाजूनं सुरू झाली. पाच त्या, मग आमच्यातल्या पाच. दहा झाल्यावर त्यानं हात आडवा केला. त्या हाताच्या अलीकडे आई होती आणि आमच्या शेजारची, दिवस गेलेली मावशी.

"मामा, माझी आई..." मी म्हणाले.

"आता दोघींची टोळी कशी करू बाई?"

बारा भागिले दहा, बाकी दोन. हे मला आधी का दिसलं नाही, तेच कळेना.  आईनं दप्तर माझ्या खांद्याला अडकवलं. मी रडत होते.

"गणित चुकलं का तुझं?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग रडू नगं. दहा जणींचं तर झालं."

मावशी खाली बसली होती. तिला हाताला धरून उठवत आई घराकडे वळली. मी शाळेत गेले, पण त्या दिवशी काय शिकवलं ते आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात काम उदगीरकडे सरकलं. आईनं घराला कडी घातली आणि आम्ही अहमदपूरवरून एसटीनं लातूर गाठलं. वडील सापडले. पायावर दगड पडून ते कामावरच्या मजुरांच्या पालातच पडून होते, म्हणून निरोप नव्हता. त्यांच्या जागी आई पाट्या वाहायला लागली. मी पालात राहून मजुरांची लेकरं सांभाळू लागले. चौथीची परीक्षा गावात होऊन गेली, ती आम्हाला कुणी कळवलीही नाही.