ग्रिडलींवरच्या गाण्याची माफी

मेहिटेबल डोनला गप्प बसणं जन्मात जमलं नाही. नवरा मासेमारीला गेला तो समुद्रातच राहिला. तेव्हापासून मॅसॅच्युसेट्सच्या त्या किनाऱ्यावरच्या गावात ती चरबीच्या मेणबत्त्या ओतून पोट भरायची. हाताला काम आणि तोंडाला गाणी. इंग्लंडच्या राजाची तळी उचलणारा एकही गावकरी तिनं सोडला नाही. गाणं बांधायचं ते चर्चमधल्या स्तोत्राच्या चालीवर, म्हणजे दुसऱ्या दिवशी गावभर.

१७७४ साली पाळी आली एलिफलेट ग्रिडलींची. ग्रिडली चर्चचे कारभारी आणि पक्के राजनिष्ठ. राजानं चहावर कर लादला म्हणून अख्ख्या गावानं चहा सोडला, तरी यांच्या घरी रोज किटली उकळायची. गाणं कानावर गेलं तसं त्यांनी फर्मान काढलं: रविवारी भर चर्चमध्ये माफी मागायची, नाहीतर मंडळीतून नाव कमी. नाव कमी झालेल्या बाईच्या मेणबत्त्या कोण घेणार? गाव सोडावं लागलं असतं. मेहिटेबल घाबरून माफीला कबूल झाली.

रविवारी ती उभी राहिली.

"माग माफी," ग्रिडली म्हणाले.

"मागते की. पण कुठल्या गाण्याची? तुमच्यावर तीन आहेत."

ग्रिडलींच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी कागद उघडून खणखणीत ओळ वाचली:

"ग्रिडलीबाबा, ग्रिडलीबाबा, राजाचा चहा गोड!"

आता, गावात स्तोत्रांची पुस्तकं मोजकीच. तीस वर्षं ग्रिडलींनी एक ओळ वाचायची आणि मंडळींनी ती गायची, हीच रीत. जागा तीच, आवाज तोच. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी सवयीनं लांब सूर लावून ओळ उचलली.

"अहो, थांबा! हे स्तोत्र नाही!" ग्रिडली ओरडले.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मेहिटेबलची भीती कुठल्या कुठे पळाली. तिनं मान ताठ केली आणि पुढची ओळ स्वतःच दिली. त्या चर्चमध्ये आजवर एकाही बाईनं ओळ दिली नव्हती.

"टेकून टेकून गुडघ्यांना आले मोठमोठे फोड!"

या वेळी अख्खं चर्च गायलं, आणि सवयीनं नव्हे.

ग्रिडली लालबुंद झाले. "काढा हिला! काढा म्हणणाऱ्यांनी हात वर करा!"

त्यांचा एकट्याचाच हात वर गेला. त्यांनी बायकांच्या बाकांकडे, आपल्या बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. प्रूडन्सबाईंचे हात मांडीवरून हलले नाहीत.

"मेहिटेबल," त्या म्हणाल्या, "पुढची ओळ दे गं."