गुणाबाईंच्या गाडीचा जन्मदिवस

गिअरबॉक्सने प्राण सोडले तेव्हा गाडी दीपेशच्या हातात होती. मोऱ्याच्या कोळीवाड्यात पुढे कितीतरी दिवस हे वाक्य असंच, याच शब्दांत, आणि शक्यतो दीपेशच्या देखत म्हटलं गेलं.

एरवी त्या व्हॅनच्या स्टीअरिंगला गुणाबाईंखेरीज कोणी हात लावत नसे. त्या दिवशी टोपली उचलताना त्यांचं डावं मनगट मुरगळलं, आणि मुक्कामाला आलेल्या जावयाला सासूची सेवा करण्याची हौस आली. मागे मालू आणि आणखी चार बायका, पायाशी म्हावऱ्याच्या टोपल्या. गव्हाण फाट्याजवळ कंटेनरच्या रांगेत दीपेशने तिसरा गिअर मागितला. गाडीने जात्यात खडे भरडावेत तसा आवाज दिला. दीपेश शिकलेला माणूस. त्याने तोच गिअर पुन्हा, जरा अधिकाराने मागितला. मग आवाजही थांबला आणि गाडीही.

"जावय, गाडी ढेकर देते कं?" मालूने मागून विचारलं.

"ढेकर नाय गो," गुणाबाई म्हणाल्या. "आचका दिला तिनं."

हसण्यासारखी गोष्ट नव्हती हे दीपेशला ठाऊक होतं. ही व्हॅन म्हणजे गुणाबाईंची होडीच होती. नवरा गेल्यावर मागे राहिलेली होडी त्यांनी विकली आणि ही गाडी घेतली. कारण सोपं होतं. म्हावऱ्याची टोपली दिसली की कंडक्टर नाक वर करी, रिक्षावाला मान फिरवी, आणि टेम्पोवाला यायचा तो त्याची झोप पुरी झाल्यावर. उशिरा पोचलेली मासळी मांजरं फुकटात खातात. पन्नाशी उलटल्यावर गुणाबाई गाडी शिकल्या. शिकवणाऱ्या मास्तरांनी 'हॉर्न वाजवा' म्हणून सांगितलं, तर या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडल्या, "ए, सरक रं!" समोरचा ट्रक सरकला. तेव्हापासून हॉर्न तसा कोराच राहिला. पहाटे त्या पाचजणींना घेऊन निघत आणि बाजार उघडायच्या आत पनवेलला उतरवत. गाडी बसली, तर या सगळ्याजणी पुन्हा टेम्पोवाल्याच्या झोपेवर अवलंबून.

तेव्हा दीपेशने कंपनीला फोन लावला आणि एका भल्या ट्रकवाल्याने दोर बांधून ती वरात पनवेलच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन सोडली. बायका, टोपल्या, जावई, सगळं आतच.

काउंटरवर पद्मजा मॅडम होत्या. चष्मा, कडक इस्त्री, बोलणं गोड. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि आणखी गोड आवाजात सांगितलं, "सॉरी मावशी, गिअरबॉक्स पूर्ण बदलावा लागेल. आणि वॉरंटी गेल्याच आठवड्यात एक्स्पायर झाली. दोन वर्षं झाली ना."

"खय झाली? दसऱ्याला होतील," गुणाबाई म्हणाल्या.

दीपेश भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागला. कारण या घोटाळ्याचा कर्ताही तोच होता. दोन वर्षांपूर्वी पितृपक्षात शोरूममध्ये माशी उडत नव्हती, म्हणून त्याने घासाघीस करून चांगली सूट पदरात पाडली आणि बिल करून टाकलं. सासूबाईंनी सूट घेतली, गाडी घेतली नाही. "पितरांच्या दिवसांत नवी गाडी दारात? माझा दादला वर बसून कपाळ बडवील." त्यामुळे गाडी दसऱ्यापर्यंत शोरूमच्याच अंगणात उभी राहिली. दसऱ्याला हार, नारळ, चाकाखाली लिंबू, आणि मग मोरा. दीपेशच्या लेखी गाडी बिलाच्या दिवशी झाली. गुणाबाईंच्या लेखी लिंबू फुटलं त्या दिवशी.

"मावशी, कॉम्प्युटरला बिलाची तारीखच कळते," पद्मजा मॅडम म्हणाल्या.

"त्याला राहू दे. तू सांग बाय. लगीन ठरल्याचा कागद झाला म्हणून सासू त्या दिवसापासून सुनेला जेवाया घालते कं? सून घरात आली, मंग ती आमची. तवर ती तुमच्याच दारात उबी व्हती. तुमच्या दारात उबी असताना तिचं वय आमच्या नावावर कसं?"

मॅडम हसल्या, पण मान हलवली. "मी ठरवू शकत नाही हो. वर मेल पाठवते. उत्तर कधी येईल सांगता येत नाही."

"पाठव. आमी बसतो."

आता बसायचं ते कस्टमर लाउंजमध्ये. तिथे एसी, सोफे आणि कॉफीचं मशीन. बाहेर ऊन चढत होतं, आणि टोपल्या गाडीत ठेवल्या असत्या तर दुपारपर्यंत गिअरबॉक्सचं आणि म्हावऱ्याचं एकच झालं असतं. मालूने एसीच्या खाली हात धरून पाहिला. "गारवा बरा हाय," असं म्हणून ती टोपल्या आत घेऊन आली. कोणी अडवायच्या आत पापलेट सोफ्यांच्या मधोमध विराजमान झालं.

दीपेशला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. "आई, इथे नको," तो पुटपुटला.

"मंग खय? बाजार तुमी चुकवला."

गणपती पाण्यात गेल्यानंतरचा पहिलाच शुक्रवार तो. पितृपक्ष पाळणारे घरी, न पाळणारे त्या लाउंजमध्ये. ऑइल बदलायला आलेले एक गृहस्थ वर्तमानपत्र खाली करून टोपलीकडे बघत राहिले. बायकोला फोन करून हळूच म्हणाले, "अगं, बोंबील आहेत, फ्रेश." दुसऱ्याने भाव विचारला. मालूने सांगितला. त्याने निम्मा केला. त्यावर मालूने त्याच्या गाडीबद्दल जे मत दिलं ते कंपनीच्या लोकांनीही ऐकून घेतलं. हां हां म्हणता तिथे बाजार भरला. वॉशिंगची पोरं हात पुसत आली. कॉफीच्या मशीनला मात्र मासळीचा वास कायमचा लागला असावा.

पद्मजा मॅडम केबिनच्या काचेतून बघत होत्या. मग त्यांनी फोन उचलला आणि वरच्या साहेबांशी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते सगळं कळलं नाही. पण त्यांची मान दोनदा लाउंजकडे वळली, आणि 'डिलिव्हरी दसऱ्याला' हे शब्द उघड्या दारातून दीपेशला स्पष्ट ऐकू आले. बाहेर आल्या तेव्हा चेहरा मोकळा होता.

"गुडविलमध्ये मंजूर झालं, मावशी. गिअरबॉक्स कंपनी देईल, मजुरी तेवढी तुमची. आणि त्या टोपलीतला एक हलवा बाजूला ठेवा. मी पितृपक्ष पाळत नाही."

गुणाबाईंनी टोपलीतला सगळ्यात मोठा निवडला, आणि पैसे पुरते मोजून घेतले.

गाडी तयार झाली त्या सकाळी दीपेश मुद्दाम रजा काढून आला. सर्व्हिस सेंटरच्या दारात गाडी उभी होती, धुतलेली, शहाण्यासारखी. तो पटकन ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. तेवढंच हातून काही चांगलं व्हावं. गुणाबाई दाराशी आल्या. त्यांचं मनगट आता बरं होतं. दीपेशला राहवेना. घसा खाकरून तो म्हणाला, "आई, बिलाची घाई माझी, गिअरही माझ्याच हातून गेला. खरं सांगा, माझ्यावर रागावलात ना?"

"रागाचं मागनं बगू जावय, पैले तुमी बाजूला सरका."