उत्तरासाठी सोडलेली जागा

इंदूमावशी बसमध्ये मोठमोठ्याने अरबी बोलायच्या. कानात इअरफोन, मांडीवर भाजीची पिशवी आणि सगळ्या डबलडेकरला ऐकू जाईल असा आवाज! इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आमची घरं भिंतीला भिंत लागून, म्हणून त्यांच्या शेजारी बसून लाजायचा मान माझा. मी कोपराने ढोसायची, "अहो मावशी, हळू!"

"हळू कशाला? रेकॉर्डिंगमधला तो बिचारा एक वाक्य सांगतो आणि मी म्हणावं म्हणून जागा सोडून थांबतो. त्याला ताटकळत ठेवू?"

सत्तरीत हे खूळ नातीपायी शिरलं. मुलगा निखिल नोकरीसाठी जॉर्डनमध्ये अम्मानला गेला, तिथलीच बायको केली. त्यांची सलमा फक्त अरबी बोलायची. व्हिडिओ कॉलवर निखिल मध्ये बसून आजी-नातीचं भाषांतर करायचा, तेही एक डोळा लॅपटॉपवर ठेवून. फोन ठेवला की मावशींचा पारा चढलेला. "मध्ये दुभाषा बसवून कुणी नातीचे लाड करतं का गं?"

एकदा बसमध्ये धडा चालू होता. "मिन फद्लक, ऐनल महत्ता?" म्हणजे, कृपया, स्टेशन कुठे आहे? पुढच्या सीटवरचे एक अरब आजोबा ताडकन उठले. त्यांनी आम्हाला पुढच्या स्टॉपला उतरवलं आणि स्टेशनच्या दारापर्यंत चालत आणून सोडलं. मावशी मुकाट त्यांच्यामागून, मी मावशींच्या मागून. आम्हाला खरं तर मेथी आणायला जायचं होतं!

"सांगायचं ना त्यांना!" मी वैतागले.

"इतक्या प्रेमाने निघाले, त्यांचं मन कसं मोडायचं? आणि नको म्हणायचा धडा अजून यायचाय."

मग एका रविवारी कॉलवर त्यांनी निखिलला त्याच्या खोलीबाहेर काढलं आणि सलमाशी एकट्या बोलल्या. पोरगी खो खो हसत सुटली. रेकॉर्डिंगमधलं अरबी पुस्तकी निघालं. "आई, तू टीव्हीवर बातम्या दिल्यासारखं बोलतेस," निखिल दारातून म्हणाला. मला फार वाईट वाटलं. मावशी मात्र खूश. "हसली ना? मग पोचलं."

त्यानंतर त्या सलमासाठी फोनवर मराठीचे धडे रेकॉर्ड करून पाठवायला लागल्या. पद्धत तीच. एक वाक्य, मग जागा. त्या जागेत मला शिंकायचीही बंदी! मावशींचे ओठ तेवढे हलायचे. सलमाला म्हणायला किती वेळ लागेल, ते तिचं वाक्य मनात म्हणून मापायच्या.

सलमा उन्हाळ्यात यायची होती. मावशी मार्चमध्येच गेल्या, झोपेत. आता माझी बस अगदी शांत असते. मला त्यांची फार आठवण येते, त्या लाजण्याचीसुद्धा.

उन्हाळ्यात निखिल घर आवरायला आला, सलमाला घेऊन. मी डबा घेऊन गेले, तर पोरगी मावशींच्या खुर्चीत फोन घेऊन बसलेली. फोनमधून मावशी सांगत होत्या, "म्हण, आजी, मी जेवले."

"आजी, मी जेवले."

"शाब्बास! आता मला विचार, आजी, काय करतेस?"

मी डबा हातात धरून दारातच थांबले. निखिल वरच्या मजल्यावर खोकी बांधत होता. खोलीत त्या दोघीच होत्या.

"आजी, काय करतेस?" सलमाने विचारलं, अडखळत.

"काही नाही गं," मावशी म्हणाल्या, "बसलेय तुझ्याशी बोलत."