हिरडीचा तक्ता

मी ताईच्या बाबतीत खोटं बोललो. एकदा नाही, दोनदा. पहिलं खोटं असं की मुंबईच्या जपानी भाषेच्या वर्गात बायकांना घेत नाहीत.

आमचं पनवेलला बैलगाड्या बनवण्याचं काम. चाकांवर लाल-काळी नक्षी ताईच काढायची. चौथीनंतर वडिलांनी, अण्णांनी, तिला शाळेतून काढलं होतं. मी एस.टी.ने आठवड्यातून दोनदा वर्गाला जायचो आणि त्या हिरागाना अक्षरांपुढे रडकुंडीला यायचो. ताईने माझी वही उलटीसुलटी करून पाहिली आणि जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर गाडीच्या रंगाने तक्ते रंगवायला घेतले, प्रत्येक अक्षराच्या आकारातून त्याच उच्चाराचं चित्र. ‘कु’ला कुदळ. ‘शि’ला बैलाचं शिंग. ‘को’ला खाडीतल्या दोन कोलंब्या. ‘हि’ला हिरड्या दाखवत हसणारा माणूस, अगदी अण्णांसारखा. सेहेचाळीस अक्षरं माझ्याआधी तिला पाठ झाली.

“मला पण ने ना वर्गाला,” ती म्हणाली.

अण्णा खेकसले, “भाकऱ्या काय जपानीत थापणार?”

“मग हा काय जपानीत ढेकर देणार?”

अण्णा त्यावर हसले. दोन दिवसांनी म्हणाले, बायकांना घेत असतील तर जाऊ दे. आणि तेव्हा मी म्हणालो, घेत नाहीत. का? ती माझ्या पुढे जाईल म्हणून. दुसरं कारण नव्हतं. आज लिहितानाही त्या पोराच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

दुसरं खोटं वर्गाच्या मास्तरांशी. मी तक्ते वर्गात नेले, ते पाहून मास्तर हरखले. “तुम्ही काढलेत?” मी मान डोलावली. तक्ते वर्गाच्या भिंतीवर लागले, खाली माझं नाव.

वर्षभराने कर्नाळ्याला सहलीला निघालेले मास्तर वाटेत आमच्याकडे उतरले. ताईने पाणी दिलं.

“आता त्या दुसऱ्या लिपीचे, काताकानाचेही तक्ते करून द्या,” ते मला म्हणाले. “वर्गातल्या बायकांना तर तुमची ती हिरडी फारच आवडते.”

ताईने तांब्या खाली ठेवला. “बायका?”

“आहेत की चार-पाच. पहिल्यापासून आहेत.”

ती पडवीत गेली, रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन आली आणि माझ्या हातात कोंबला. “काढ.”

मी एक रेघ ओढली. रेघ वाकडीतिकडी गेली.

“कुत्र्या,” ताई म्हणाली, “अण्णांनी हो म्हटलं होतं रे!”

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन उरणला गेली. माझ्यावरचा राग ती सासरी घेऊन गेली, आणि मी निर्लज्जासारखा दर भाऊबीजेला ओवाळून घ्यायला जात राहिलो. ताट यायचं, शब्द यायचा नाही.

चाळिशी उलटल्यावर मी मास्तरांकडे गेलो, सगळं सांगितलं आणि तक्ते मागून घेतले. प्रत्येकाखालचं माझं नाव खोडून तिचं लिहिलं. त्या भाऊबीजेला पाटावर बसलो नाही. मेहुणे, भाची, सगळे होते. तक्ते तिच्यापुढे ठेवले.

“ताई, वर्गात बायका होत्या. तू माझ्या पुढे गेली असतीस, म्हणून मी तुझी वाट अडवली. तक्ते तुझे, आणि मी ते माझे म्हणून मिरवले. मला माफ कर.”