बोरांशिवायचं बोरन्हाण

“बच्चा जिद्दी नहीं है. डरा हुआ है.”

इंदूरच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी हे सांगितलं तेव्हा माझा मल्हार त्यांच्या टेबलाखाली बसला होता, दोन्ही हातांनी तोंड झाकून. वय अडीच वर्षं. शब्द एकही नाही. जेवण म्हणजे मिक्सरमधून काढलेली पातळ खिचडी, तीसुद्धा मोबाईल दाखवून.

कागदावर त्यांनी लिहिलं, ओरल अ‍ॅव्हर्जन आणि स्पीच डिले. पहिल्याचा अर्थ, तोंडाजवळ काही आलं की बसणारी धास्ती. दुसऱ्याचा, वयाच्या मानानं बोलणं मागे राहणं. मल्हार दिवस भरायच्या आत जन्मला. कितीतरी दिवस नाकात नळी होती, दूध तिच्यातूनच जायचं. चिकटपट्टी लावा, ओढून काढा, पुन्हा लावा. डोकं विसरलं तरी तोंड विसरत नाही, मॅडम म्हणाल्या.

त्याआधी आम्ही बेरा टेस्ट करून आलो होतो. मूल झोपवतात, डोक्याला तारा लावतात आणि कानात वाजवलेला आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीनवर बघतात. पोचत होता. बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईंनी मला सांगितलं, “मुलगे उशिराच बोलतात.” त्यांची स्वतःची नात आत झोपलेली होती, म्हणून मी नुसती मान डोलावली. तुम्ही मात्र हे ऐकून घरी बसू नका. तपासून घ्या.

खरी भीती वेगळीच होती. मुलांच्या डॉक्टरांनी वजनाचा काटा बघून सांगितलं होतं, “अगली बार तक वजन नहीं बढ़ा, तो फिर ट्यूब का सोचना पड़ेगा.” म्हणजे परत तीच नळी.

मराठीत म्हण आहे, नाक दाबलं की तोंड उघडतं. आमच्या घरी तशी जेवणाची पद्धतच होती. सासूबाई हात धरायच्या, मी चमचा घालायचे, माझा नवरा सचिन मोबाईल धरायचा. मॅडमनी हे सगळं एका दिवसात बंद करायला सांगितलं. पातळ खिचडी चालू ठेवा, त्यात तूप वाढवा, डॉक्टरांना दर आठवड्याला वजन दाखवा. पण जबरदस्ती नाही. मोबाईल नाही. आणि घरात जी भाषा बोलता त्याच भाषेत त्याच्याशी बोलत राहा. शेजारच्या शाळेतून ‘घरी इंग्लिश बोला’ असा सल्ला मिळाला होता, तो मी तिथेच सोडून आले.

मग त्या म्हणाल्या, “खाने से खेलने दो इसे. हाथ में ले, फेंके, सिर पर डाले. मुँह में खुद डालेगा, जब डालेगा.”

मला हसू आलं. डोक्यावर खाऊ ओतायचा सण आमच्याकडे आहे की.

संक्रांतीला त्याचं बोरन्हाण केलं होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळं रीतसर. जवळच्या बेटमा गावाहून सचिनच्या आत्या आल्या होत्या. “गोड खा म्हणजे गोड बोलशील,” म्हणत त्यांनी तिळाच्या लाडवाचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. त्याला ठसका लागला, ओकारी झाली, सगळे दागिने खराब झाले. आत्या म्हणाल्या, नजर लागली.

मी मॅडमना ती रीत समजावून सांगितली. त्यांना आवडली, पण बोरं, दाणे, उसाचे तुकडे त्यांनी काढून टाकले. एवढ्या लहान मुलाच्या घशात अडकतात. मग काय ठेवायचं? जिभेवर ठेवताच विरघळेल असं घरात काय आहे, त्यांनी विचारलं. इंदूरच्या घरात हा काय प्रश्न झाला? बिनतिखटाची बारीक फीकी सेव. जोडीला परमल, म्हणजे आपले मुरमुरे, पण मूल बसलेलं असताना आणि आपली नजर त्याच्यावर असतानाच.

तर आम्ही दर रविवारी गच्चीवर बोरन्हाण करायला लागलो. फाल्गुनात, चैत्रात, वैशाखात. चादर अंथरायची, खालच्या मजल्यावरची दोन पोरं बोलवायची, सेव-परमल डोक्यावर ओतायचं. नियम एकच, कोणीही कोणाच्या तोंडात काही घालायचं नाही.

आत्यांना कळलं तशा त्या आल्याच. “बोरांशिवाय कसलं गं बोरन्हाण? आणि मुहूर्त रथसप्तमीपर्यंतच असतो. जास्त शिकलेल्या आया पुस्तकात बघून पोरं वाढवतात, मग हे असं.”

माझे वडील परदेशीपुऱ्याच्या कामगार वस्तीत राहून मिलमध्ये राबले. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजचं तोंड पहिल्यांदा मी बघितलं. मी म्हटलं, “बी.कॉम. आहे मी, आत्या. पुस्तकात बघायची मला लाज नाही वाटत. तुम्ही बसा, मूठ भरून टाका त्याच्या डोक्यावर. तोंडात घालायचं नाही, बस.”

सासूबाई माझ्या बाजूनं बोलतील असं वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “टाका हो वन्सं. मजा येते.”

आधी मल्हार चादरीच्या कडेलाच उभा राहायचा. मग मधे बसायला लागला. मग सेव चुरगाळायला लागला, बोटं नाकाशी नेऊन वास घ्यायला लागला. एका रविवारी त्यानं बोट चाटलं. आम्ही सगळे दुसरीकडे बघत राहिलो, कारण बघितलं असतं तर तो थांबला असता.

त्याच उन्हाळ्यात आत्यांनी मूठभर परमल त्याच्या डोक्यावर टाकले आणि हात मागे घेतला. मल्हारनं त्यांची बांगडी धरली. म्हणाला, “अजून.”

आत्या कितीतरी वेळ टाकतच राहिल्या. पदरानं डोळे पुसले, पुन्हा मूठ भरली.

वजन हळूहळू वाढलं. डॉक्टरांनी नळीचं नाव परत काढलं नाही. थेरपी अजून चालू आहे, बोलणं वयाच्या मागेच आहे, आणि हे कोणापासून लपवायचं मला कारण दिसत नाही. लग्नकार्यात कोणीतरी हळूच सुचवतं, याला आतल्या खोलीत नेऊन भरव ना. मी नेत नाही. तो पंगतीत माझ्या शेजारी बसतो, कढी सांडतो, पुरीचा पापुद्रा काढून खातो. कोणी आग्रहानं घास पुढे केला की मान वळवून त्यांच्याकडे बघत स्पष्ट म्हणतो, “नको.”

हा त्याचा दुसरा शब्द. मला पहिल्यापेक्षा हाच जास्त आवडतो. आमच्या घरात आता तो ऐकला जातो.